बाद फेरीचा न्याय

मराठीत ‘बाद’ हा एकच शब्द आपण कितीतरी ठिकाणी वापरतो. फलंदाज बाद होतो; मतपत्रिकेवरील शिक्का भलत्या जागी पडला की मत बाद होते; हिशेबातून एखादी रक्कम बाद केली जाते; आणि उमेदवार परीक्षेत निवडला गेला नाही की तोही ‘बाद झाला’ असे घरोघरी म्हटले जाते. वस्तुतः हे चार प्रकार एकमेकांहून फार निराळे आहेत. बाद झालेला फलंदाज दुसऱ्या डावात पुन्हा खेळावयास येतो. बाद झालेले मत मात्र पुन्हा मोजले जात नाही, आणि हिशेबातून बाद झालेली रक्कम तर जणू कधी नव्हतीच, असे समजून पुढचा हिशेब चालतो. उमेदवार यांपैकी कोणत्या अर्थाने बाद होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. शब्द एक असल्यामुळे अर्थांची सरमिसळ होते, आणि या सरमिसळीचा भार जिवंत माणसांना सोसावा लागतो. म्हणून प्रश्न असा मांडावासा वाटतो: एका दिवसाच्या पराभवाने जो निर्णय होतो तो न्याय्य म्हणावयाचा काय? आणि न्याय्य असेल, तर तो नेमका कशाविषयीचा निर्णय असतो?

या प्रश्नाचे स्वच्छ रूप पाहावयाचे असेल तर खेळांतील बाद पद्धतीच्या स्पर्धांकडे वळावे. इंग्लंडात फुटबॉल संघटनेच्या चषकाची स्पर्धा १८७१-७२ साली सुरू झाली. संघटनेचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक हे हॅरो येथील शाळेत शिकलेले. त्या शाळेतील वसतिगृहांमध्ये हरणाऱ्याने बाहेर पडावे अशा पद्धतीने सामने होत, आणि तीच कल्पना त्यांनी देशापुढे मांडली. जर्मनीत राष्ट्रीय फुटबॉल चषकाची पहिली स्पर्धा १९३५ साली झाली. आपल्याकडे रणजी करंडकाची क्रिकेटस्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली, आणि १९५६-५७ पर्यंत ती याच पद्धतीने खेळली गेली. साखळी पद्धतीत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि वर्षभराच्या बेरजेवरून क्रम लागतो. बाद पद्धतीत बेरीज नसते. हरला तो घरी गेला.

या पद्धतीचे गणित मोठे मार्मिक आहे. जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत ६४ संघ असतात. विजेता निश्चित होण्यास किती सामने लागतील? फेऱ्या मोजण्याची गरज नाही. प्रत्येक सामन्यातून एकच संघ बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरावयाचा असतो. तेव्हा सामने ६३. हेच ६४ संघ साखळी पद्धतीने एकमेकांशी एकेकदाच खेळावयाचे म्हटले, तर २०१६ सामने होतील. वेळ, पैसा आणि मैदाने यांची काटकसर व्हावी म्हणून माणसाने ही युक्ती योजली हे उघड आहे. परंतु याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ६४ संघांपैकी ६३ संघांचा शेवटचा सामना हा पराभवाचाच असतो. पहिल्या फेरीत हरलेला आणि अंतिम सामन्यात हरलेला, दोघांच्याही हंगामाचे अखेरचे वाक्य एकच. विजय हा येथे अपवाद आहे, पराभव हा नियम आहे.

आता या पद्धतीवरील आक्षेप पाहू. ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन, जे लुईस कॅरोल या नावाने मुलांच्या पुस्तकांसाठी जगाला अधिक परिचित आहेत, त्यांनी १८८३ साली टेनिसच्या स्पर्धांविषयी एक पुस्तिका लिहिली. त्यांचा मुद्दा साधा होता. ३२ खेळाडूंच्या बाद स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू पहिला येईल हे मान्य करू. पण दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस खरोखरच दुसऱ्या योग्यतेच्या खेळाडूस मिळेल काय? चिठ्ठ्या टाकताना तो सर्वोत्तम खेळाडूच्याच अर्ध्या भागात पडला, तर अंतिम सामन्यापूर्वीच त्याची सर्वोत्तमाशी गाठ पडून तो बाहेर जाईल. उरलेल्या ३१ जागांपैकी दुसऱ्या अर्ध्या भागात जागा १६. तेव्हा त्याला न्याय मिळण्याचा संभव एकतीसांत सोळा, म्हणजे निम्म्याहून किंचितच अधिक. नाणे उडवून बक्षीस द्यावे त्यातलाच हा प्रकार झाला. तोही सबळ नेहमी जिंकतोच असे गृहीत धरून!

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. इंग्लंडच्या त्या पहिल्याच चषकात स्कॉटलंडचा क्वीन्स पार्क हा संघ उपान्त्य फेरीसाठी लंडनला आला. १८७२ सालच्या त्या सामन्यात एकही गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळावयाचा ठरला. पण लंडनमध्ये राहण्याइतका अथवा पुन्हा येण्याइतका पैसा त्या संघाजवळ नव्हता. त्याने माघार घेतली, प्रतिपक्षी वाँडरर्स अंतिम फेरीत गेले आणि चषकही त्यांनीच जिंकला. म्हणजे एक संघ एकदाही न हरता बाद झाला. ज्याच्या घरी परीक्षेच्या शहरापर्यंतच्या गाडीभाड्याचा प्रश्न कधी उभा राहिला असेल, त्यास या घटनेचा अर्थ विशद करून सांगावयास नको.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की ही पद्धती अन्यायाचीच आहे, ती टाकून द्यावी आणि सर्वत्र साखळीच्या बेरजेने निर्णय करावेत. पण तसे म्हणण्याची घाई करू नये. साखळीचा न्याय हा सबळाचा न्याय आहे. सामने जितके अधिक, तितका दैवाचा भाग कमी. आणि दैवाचा भाग जितका कमी, तितका ज्याच्यापाशी पैसा, मैदान, शिक्षक आणि राखीव खेळाडू आहेत त्याचा विजय निश्चित. दुर्बळाला वर्षभर सबळाच्या वर राहणे जवळजवळ अशक्य असते; एक दिवस वर राहणे मात्र शक्य असते. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळत होते. त्या एका दिवसाच्या विजयाने एका पारतंत्र्यातील समाजाची मान किती उंच झाली, हे बंगालमध्ये नोकरी केलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेथील म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. बेरजेच्या न्यायात असा दिवस उगवत नाही.

अलीकडचेच उदाहरण द्यावयाचे तर जर्मन चषकाच्या २०२४-२५ च्या हंगामाचे देता येईल. अर्मिनिया बीलेफेल्ड हा त्या वर्षी तिसऱ्या श्रेणीत खेळणारा संघ. त्याने फ्रायबुर्ग, ब्रेमेन यांसारख्या वरिष्ठ श्रेणीतील संघांना एकामागून एक बाहेर काढले, आणि उपान्त्य फेरीत आदल्या वर्षीचा विजेता लेव्हरकुसेन यालाही २-१ असे हरवले. बर्लिनमधील अंतिम सामन्यात तो स्टुटगार्टकडून ४-२ असा हरला. त्या स्पर्धेतील एक नियम मला विशेष उद्बोधक वाटतो. पहिल्या फेरीत कनिष्ठ श्रेणीतील संघाची गाठ वरच्या दोन श्रेणींतील संघाशी पडली, तर सामना कनिष्ठ संघाच्या घरच्या मैदानावर व्हावयाचा. मोठ्याने लहानाच्या दारी जावयाचे. दैव आंधळे असते हे खरे. परंतु माणसाने नियम केला तर त्या आंधळ्याच्या हाताला धरून त्यास दुर्बळाच्या अंगणापर्यंत नेता येते.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा. बाद पद्धतीत दैवाला वाव आहे, पण दैवाला वाव असणे आणि अन्याय असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. चिठ्ठी सर्वांसाठी सारखीच टाकली गेली असेल, नियम आधी जाहीर झालेला असेल आणि नंतर बदलला नसेल, तर जो हरला त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. मात्र क्वीन्स पार्कसारखा कोणी भाड्याअभावी बाद होत असेल तर तो दैवाचा दोष नसून व्यवस्थेचा आहे, आणि तो व्यवस्थेनेच दूर करावयास हवा.

पण खरा प्रश्न याच्याही पुढे आहे. निर्णय न्याय्य आहे असे मानले, तरी तो कशाविषयीचा निर्णय? येथे आपण ज्या नगरीत राहतो तिची एक जुनी विद्या साहाय्यास येते. काशी ही शास्त्रार्थाची नगरी. वादसभेत दोन पंडितांनी समोरासमोर बसावे आणि एकाने दुसऱ्यास निरुत्तर करावे, ही परंपरा येथे शतकानुशतके चालत आली. या वादाचे नियम गौतमाच्या न्यायसूत्रांत आहेत. तेथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करावयाचे ती वितंडा. पराभव कोणत्या कारणांनी होतो त्यांची यादीही तेथे आहे. त्या बावीस कारणांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांपैकी एखाद्यात वादी सापडला की तो हरला. ही बाद पद्धतीच होय.

या यादीत एक मोठी मार्मिक गोष्ट दिसते. ‘अप्रतिभा’ म्हणजे ऐन वेळी उत्तर न सुचणे, हे एक निग्रहस्थान आहे. ज्याला उत्तर सुचले नाही तो पंडित हरला; पण तेवढ्याने त्याचा पक्ष खोटा ठरला काय? मुळीच नाही. उत्तर अस्तित्वात असू शकते, ते त्या घटकेस त्याला सापडले नाही एवढेच. निग्रहस्थान हे वादीच्या त्या वेळच्या स्थितीविषयी बोलते. सिद्धान्ताच्या सत्यतेचा निवाडा ते एकटे करीत नाही. आपल्या पूर्वजांनी जयपराजयाचा निर्णय आणि वस्तूचे मोल या दोन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या राहू दिल्या होत्या.

१६ नोव्हेंबर १८६९ रोजी येथेच, दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत, स्वामी दयानंद आणि काशीचे पंडित यांच्यात प्रसिद्ध शास्त्रार्थ झाला. विषय होता मूर्तिपूजेस वेदांचा आधार आहे काय, हा. काशीनरेश उपस्थित होते. पंडितांच्या बाजूस स्वामी विशुद्धानंद आणि आपले महाराष्ट्रीय विद्वान बाळशास्त्री रानडे होते. सभा उठली तेव्हा दोन्ही बाजूंनी आपलाच जय झाल्याचे जाहीर केले. हसण्यासारखी गोष्ट वाटते खरी. परंतु त्यातून एक गोष्ट शिकावयास मिळते. एका संध्याकाळी कोण निरुत्तर झाला यावर एवढा मोठा प्रश्न मिटत नाही. तो पुढेही दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापल्या आयुष्यांतून लढविला, आणि त्या आयुष्यांचे मोल त्या संध्याकाळच्या निकालावर अवलंबून राहिले नाही.

आता निर्णय आणि मोल यांतील हा भेद हाताशी धरून रणजी करंडकाच्या एका हंगामाकडे पाहू. प्राध्यापक दि. ब. देवधर हे पुण्यास संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व करीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे हा करंडक जिंकला. त्यांपैकी पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात हरलेला संघ संयुक्त प्रांताचा, म्हणजे आज आपण ज्या प्रदेशाचे मीठ खातो त्याचाच होता. परंतु मला सांगावयाचा हंगाम हा विजयाचा नसून १९४८-४९ चा आहे, ज्यात महाराष्ट्राला करंडक मिळाला नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, आणि त्यांत भाऊसाहेब निंबाळकरांच्या एकट्याच्या नाबाद ४४३. त्या काळी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावा हा जगाचा विक्रम होता. निंबाळकर त्याच्यापासून नऊ धावांवर येऊन ठेपले होते. खेळ विश्रांतीसाठी थांबला, आणि काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. एवढ्या मोठ्या विक्रमाच्या दुसऱ्या बाजूस आपल्या संघाचे नाव कायमचे राहू नये, हा त्यांचा हेतू सांगितला जातो. निंबाळकर ४४३ वरच राहिले. त्यांना पुढे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

काठियावाडला एकदम दोष देऊ नये. केवळ निर्णयाच्या दृष्टीने पाहता त्यांचे करणे तर्काला धरून होते. पहिल्या डावात आघाडी घेतली की अनिर्णित सामनाही त्या संघाचा होतो, असा रणजी स्पर्धेचा नियम. जवळजवळ सहाशे धावांची आघाडी गेल्यावर काठियावाडला मिळवावयाचे काय उरले होते? हरणे निश्चित, हंगाम संपलेला. मग उन्हात उभे राहून आणखी नऊ धावा कशासाठी द्यावयाच्या? ज्याच्या मते खेळ म्हणजे केवळ निकाल, त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नाही.

माझ्या मते उत्तर आहे, आणि ते असे. हरणाऱ्याच्या हाती त्या घटकेस स्वतःचे काही उरलेले नसले, तरी दुसऱ्याचे बरेच असते. निंबाळकरांच्या पुढच्या नऊ धावा काठियावाडच्या गोलंदाजांनी चेंडू टाकल्याखेरीज होऊच शकत नव्हत्या. प्रतिस्पर्ध्याचे कर्तृत्व आपल्यापाशी ठेव म्हणून असते. आपला पराभव झाला म्हणून ती ठेव बुडविण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होत नाही. शिवाय ज्या अपकीर्तीला ते भ्याले ती खरोखर अपकीर्ती होती काय? ज्या संघाविरुद्ध जगातील सर्वांत मोठी खेळी झाली तो संघ, एवढेच पुस्तकात लिहिले गेले असते, आणि वाचणाऱ्याने फलंदाजाचे कौतुक करून पान उलटले असते. आज मात्र काठियावाडचे नाव या सामन्याच्या संदर्भात मैदान सोडल्याबद्दलच सांगितले जाते. काम असल्याचे निमित्त सांगून चर्चा अर्ध्यावर टाकून जाणे, यास न्यायसूत्रांत ‘विक्षेप’ नावाचे स्वतंत्र निग्रहस्थानच मानले आहे. निर्णयाला मोल समजण्याची चूक प्रथम आपणच आपल्याविषयी करतो. जग नंतर करते.

त्याच हंगामातील दुसरा सामना पाहा. मार्च १९४९ मध्ये, पुण्यासच, उपान्त्य फेरीत महाराष्ट्र आणि मुंबई समोरासमोर आले. मुंबईने ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबईने दुसरा डाव ८ बाद ७१४ वर घोषित केला. महाराष्ट्राला जिंकण्यासाठी ९५९ धावा हव्या होत्या. चौथ्या डावात एवढ्या धावा कोणी केल्याचे ऐकिवात नव्हते. तीन महिन्यांपूर्वी काठियावाड ज्या अवस्थेत होते, जवळपास त्याच अवस्थेत आता महाराष्ट्र होते. महाराष्ट्राने सामना सोडला नाही. ते खेळले आणि त्यांनी ६०४ धावा केल्या. तरीही ३५४ धावांनी ते हरले. मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याचा पराभव करून करंडक नेला. त्या उपान्त्य सामन्यात एकंदर २३७६ धावा झाल्या, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील तो एक विक्रम होऊन बसला. हा विक्रम दोन्ही संघांचा आहे. हरणाऱ्याने शेवटच्या डावात मन लावून फलंदाजी केली नसती, तर जिंकणाऱ्यालाही त्यात नाव मिळाले नसते.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, की हे सारे मैदानावर शोभते; आयुष्यात ज्याचा हंगाम संपला त्याच्या घरची चूल करंडकाच्या आठवणींवर पेटत नाही. हा आक्षेप मला नवा नाही. येथील आपल्या मंडळींत एक वयस्क गृहस्थ आहेत, नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षे उरलेली. त्यांच्या मुलाने एका मोठ्या परीक्षेसाठी सहा वर्षे घालविली, आणि गेल्या वर्षी वयाची मर्यादा संपताना अखेरच्या यादीत त्याचे नाव थोड्या गुणांनी राहिले. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब करीत बसलो असता ते म्हणाले, “पोरगा बाद झाला हो. संपले सगळे.” मी म्हटले, “नाना, यादीत नाव लागले नाही, एवढेच झाले.” त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “तुमचे नाव यादीत लागले होते, म्हणून तुम्हांला ‘एवढेच’ म्हणता येते.”

नानांच्या या वाक्याला बगल देऊन हा लेख पुरा करता येणार नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की निर्णय आणि मोल यांतील भेद तोंडाने सांगणे जिंकलेल्यास सोपे असते. हरलेल्याला तो व्यवहारात भोगावयास मिळाला पाहिजे. रणजी स्पर्धेच्या इतिहासात याचे एक उत्तर सापडते. बाद पद्धतीत जो संघ पहिलाच सामना हरे त्याचा हंगाम त्या एका सामन्यात संपे, आणि होतकरू खेळाडू वर्षभर बसून राही. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सुरू झाली, आणि हरलेल्यालाही आणखी सामने मिळू लागले. बाद फेऱ्या पुढेही राहिल्या, पण त्या वरच्या पायरीवर. तात्पर्य हे, की एका दिवसाचा निर्णय तेव्हाच सह्य होतो, जेव्हा हरलेल्याला खेळावयास दुसरे मैदान असते. ज्या समाजात एकाच परीक्षेला मैदान मानले जाते आणि बाकी सर्व उद्योग हे त्या परीक्षेतून उरलेल्यांचे समजले जातात, तेथे परीक्षा कितीही निर्दोष असली तरी तिचा निकाल क्रूर होतो. दोष प्रश्नपत्रिकेचा नसतो. दुसरी मैदाने आपण तयार केली नाहीत, आणि जी आहेत त्यांना मान दिला नाही, हा दोष असतो.

दुसरी गोष्ट आपणां नोकरदारांच्या अधिक जिव्हारी लागणारी आहे. हरलेल्याचा पराभव हे त्याचे मोल नव्हे असे एकदा म्हटले, की जिंकलेल्याचा विजय हेही त्याचे मोल नव्हे, असे म्हणणे भाग पडते. तराजूचे एक पारडे उचलून दुसरे जागच्या जागी ठेवता येत नाही. आपण जे आज निरनिराळ्या प्रांतांत सरकारी खुर्च्यांवर बसलो आहो, ते सारे कोणत्या तरी यादीत होतो म्हणून बसलो आहो. त्या यादीत आपल्या नावाखाली एक रेघ होती, आणि रेघेच्या लगेच खाली कोणाचे तरी नाव होते. रेघ जागांच्या संख्येने ओढलेली होती. त्या वर्षी दोन जागा अधिक असत्या तर ती खाली सरकली असती. कार्यालयीन भाषेत ‘अपात्र’ आणि ‘निवड न झालेला’ हे दोन निराळे शेरे आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा लिहिला तर कागद वरून परत येतो. पण घरी गेल्यावर, लग्नाच्या बैठकीत, नातलगांच्या पत्रांत, हाच भेद आपण सहज विसरतो. निवड न झालेल्याला अपात्र म्हणतो, आणि निवड झालेल्या स्वतःला पात्र म्हणजे श्रेष्ठ समजतो.

यावर कोणी विचारील, की मग विजयाचा आनंद तरी मानू नये काय? अवश्य मानावा. बीलेफेल्डच्या लोकांनी लेव्हरकुसेनला हरवल्यावर आनंद मानला, तो योग्यच होता. आणि स्टुटगार्टने चषक उचलला तोही नियमाने त्यांचाच होता. निर्णय मान्य करणे हा खेळाचा पाया आहे. जो निर्णय मान्य करीत नाही त्याच्याशी खेळता येत नाही, आणि असा समाज चालवताही येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की निर्णयाने जागा मिळते. त्या जागेवर बसून जे काम होते, आणि जागा न मिळालेला माणूस इतरत्र जे काम करतो, त्यावरून मोल ठरावयाचे. ते मोजण्यास एक दिवस पुरत नाही. बहुधा एक आयुष्यही पुरत नाही, कारण निंबाळकरांच्या ४४३ धावांकडे आपण पाऊणशे वर्षांनंतरही वळून पाहतो, आणि त्यांना कसोटीसाठी न निवडणाऱ्यांची नावे मात्र शोधून काढावी लागतात.

तेव्हा बाद फेरीचा न्याय मी तीन अटींवर मानतो. चिठ्ठी सर्वांना सारखी असावी आणि कोणी भाड्याअभावी बाहेर राहू नये. हरलेल्याला पुढचा हंगाम किंवा दुसरे मैदान असावे. आणि निकालपत्रावर जे लिहिलेले नाही ते कोणी वाचू नये. पहिल्या दोन अटी राज्यकर्त्यांनी आणि संस्थांनी पाळावयाच्या आहेत. तिसरी मात्र पूर्णपणे आपल्या हातची आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

नानांचा मुलगा सध्या येथेच एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. मुले त्याच्या वर्गात आनंदाने बसतात असे कानावर येते. तो बाद झाला आहे हे त्या मुलांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. आणि सांगितले, तर ती बहुधा विचारतील की कोणत्या डावात.